क्रेडिट अहवालातील चुकांचा भुर्दंड ग्राहकाला का?

महोदय,

कर्ज फिटले, ना-हरकत प्रमाणपत्रही मिळाले, तरी क्रेडिट अहवालात, म्हणजे आपल्या कर्ज-परतफेडीच्या नोंदींत, खाते ‘थकीत’च! माझ्या मेहुण्याच्या अहवालात तर त्याने कधीच न घेतलेले कर्ज दिसत होते. नाव आणि जन्मतारीख जुळणाऱ्या भलत्याच माणसाचे. बँक म्हणे हा अहवाल बनवणाऱ्या क्रेडिट माहिती कंपनीकडे जा, कंपनी म्हणे बँकेने दुरुस्ती पाठवली नाही. या टोलवाटोलवीत त्याचे गृहकर्ज मात्र अडले. चूक दुसऱ्याची आणि निर्दोषत्व सिद्ध करायचे याने, हा कुठला न्याय?

रिझर्व्ह बँकेचा नियम ग्राहकाच्या बाजूचा आहे. २६ एप्रिल २०२४ पासून अशी तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई द्यावी लागते. दुरुस्त माहिती पाठवायला बँकेला २१ दिवस मिळतात. दिरंगाई जिची, भरपाई तिने द्यायची. पण हे ठाऊक आहे किती जणांना? चारही क्रेडिट माहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल मोफत मिळतो, हेही बहुतेकांना कर्ज नाकारल्यावरच कळते.

वाचकांनी तो आधीच मागवून पत्ता, पॅन आणि प्रत्येक खाते तपासावे. तक्रार लेखी करावी, तिचा क्रमांक जपावा. दाद न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. आणि बँकांनी या भरपाईचा फलक प्रत्येक शाखेत, कर्ज विभागाच्या टेबलासमोर लावावा.

– एक वाचक