त्या कंपनीचं नाव का नाही छापलंत?

मा. संपादक,
स. न.

कालच्या अंकातली चाकणची बातमी वाचली आणि रात्रभर डोक्यातून गेली नाही म्हणून आज लिहायला बसले. ठेकेदाराने कामगारांना गेटवरून हाकललं म्हणून तुम्ही त्याच्या कामगार पुरवणाऱ्या एजन्सीचं नाव पहिल्याच ओळीत दिलंत, मालकाचं आडनावसुद्धा दिलंत, आणि ज्या कारखान्याच्या गेटवर हे सगळं झालं तो कारखाना मात्र तुमच्या बातमीत "एक नामांकित कंपनी". का? नाव तुमच्या बातमीदाराला माहीत नव्हतं असं तर होणार नाही, गेटवर उभं राहून फोटो काढलाय त्याने, फक्त बोर्ड फोटोत येणार नाही एवढी काळजी घेतलीय.

मी त्या एजन्सीत नाही. दुसऱ्या एका एजन्सीत साइट बघते, बरीच वर्षं हेच काम करतेय, म्हणजे मुलं जॉइन करून घ्यायची, आधार-पॅन-पासबुक गोळा करायचं, रोजची हजेरी, ओटी म्हणजे जादा तास, पीएफ आणि ईएसआयसीची (कामगार विम्याची) भानगड, आणि पगार लेट झाला की शिव्या खायच्या. त्यामुळे गेटचं मला नीट माहितीय. गेट एजन्सीचं नसतं. पंचिंग मशीन कंपनीचं, सिक्युरिटी कंपनीने लावलेली, आणि कार्ड चालू-बंद करणारा माणूस कंपनीच्या टाइम ऑफिसात बसतो. आम्हाला स्वतःला आत जायला व्हिजिटर पास काढावा लागतो. आम्ही कुणाला हाकलणार?

आमच्याकडे लातूरकडचा एक मुलगा होता, आयटीआय फिटर, निघोज्यात रूम करून राहायचा. कामाला इतका चांगला की लाइनचा सुपरवायझर मला स्वतः म्हणायचा, मॅडम हा पोरगा सोडू नका. एका शनिवारी डिस्पॅच अर्जंट होता म्हणून त्याला सेकंड शिफ्टनंतरही ओटीला थांबवलं, तो थांबला, आणि सोमवारी फर्स्ट शिफ्टला आला तर कार्ड पंच होईना. बरोबरची पोरं आत गेली, हा बाजूला उभा. सिक्युरिटीचा मला फोन, मॅडम तुमचा माणूस इथं अडकलाय, बघा काय ते. मी कंपनीच्या एचआरला फोन लावला तर म्हणे हो, त्याचा ब्रेक आहे, तुम्हाला आज सांगणारच होतो. म्हणजे मला कळायच्या आधी त्याचं कार्ड बंद. मी साडेसातला गेटवर पोचले तेव्हा तो डबा आणि सेफ्टी शूजची पिशवी घेऊन तिथंच उभा होता, आणि त्याला मी काय सांगणार होते? शूज जमा कर, पास दे, क्लिअरन्सवर सही कर. तेच सांगितलं, कारण ते सांगायचं काम माझं. पुढे तीनेक महिन्यांनी तोच मुलगा त्याच लाइनवर त्याच मशीनवर, फक्त दुसऱ्या एजन्सीच्या नावावर. कंपनीला माणूस हवाच होता, त्याचे सलग दिवस नको होते.

हा "ब्रेक" काय असतो ते तुमच्या बातमीत आलंच नाही. वर्षभरात 240 दिवस भरले की कायद्याने माणसाला काढणं सोपं राहत नाही, नोटीस आली, भरपाई आली. म्हणून सात महिने झाले की यादी येते. आणि ती कधीही मेलवर येत नाही, इतक्या वर्षांत एकदाही नाही, फोनवर येते. मेल आम्ही करायचा, की अमुक मुलं आमच्या एजन्सीकडून रिलीव्ह करतोय. उद्या कोर्टात गेलं तर कागदावर सही आमची, कंपनी स्वच्छ. तुमच्या बातमीदाराने एजन्सीचं ते पत्र छापलं, त्याच्या आदल्या दिवशी कुणाचा फोन आला होता ते विचारलं का?

पगार उशिरा होतो हेही छापलंय तुम्ही. होतो, मी नाही म्हणत नाही. पण पैसा येतो कसा तेही लिहा ना. मुलांचा पगार सात तारखेच्या आत द्यायचा, पंधरा तारखेपर्यंत पीएफ आणि ईएसआयसीचं चलन भरायचं, पीएफचे मालकाकडचे 12 टक्के आणि वर ॲडमिन चार्ज नि इन्शुरन्स धरून 13, ईएसआयसीचे 3.25, वीस तारखेला जीएसटी, तोही नुसत्या आमच्या सर्व्हिस चार्जवर नाही तर मुलांचा पगार धरून सगळ्या बिलावर 18 टक्के. कंपनीने बिलाचे पैसे दिले असोत नसोत. आणि कंपनी देते कधी, तर पीओवर, म्हणजे कंपनीच्या ऑर्डरवर, 45 दिवस लिहिलेलं असतं आणि प्रत्यक्षात कुणीतरी रजेवर असतं, कुणाची तरी सही राहिलेली असते, हजेरीत दोन माणसांचा फरक निघाला म्हणून अख्खं बिल परत येतं. मोठ्या एजन्स्या ओढून नेतात, छोटी एजन्सी ओडीवर, म्हणजे बँकेच्या उसन्या पैशावर चालते आणि दिवाळीच्या तोंडावर बोनससकट पगार करायची वेळ आली की बसते. त्या वेळी ऑफिसच्या दारात जी पोरं येतात ती बरोबरच येतात, त्यांनी काम केलंय, त्यांना बिल आणि पीओशी काय करायचंय. पण ती कंपनीच्या दारात का जात नाहीत? कारण त्यांना कुणी सांगितलेलंच नाही की ठेकेदाराने पगार दिला नाही तर तो द्यायची जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे कंपनीवर येते. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात ते कलम 21 होतं, 21 नोव्हेंबर 2025 पासून नवे लेबर कोड लागू झाले त्यातही ही जबाबदारी ठेवलीय. नव्या कोडमध्ये तर कारखान्याच्या मुख्य कामावर कंत्राटी माणूस लावायलाच मनाई आहे. अपवाद आहेत, पण मग लाइनवर पार्ट जोडणारा मुलगा त्या अपवादात कसा बसवला ते कंपनीला विचारायला नको? तुमच्या बातमीत यातलं एक अक्षर नाही. हे एवढं छापलं असतंत तर गेटवर उभ्या राहिलेल्या त्या मुलांना उपयोग झाला असता.

लुटारू ठेकेदार नाहीत असं मी म्हणत नाही. पगार खात्यावर टाकून वरचे हजार-दोन हजार कॅश परत मागणारे आहेत, पोरांची एटीएम कार्डं स्वतःकडे ठेवणारे आहेत, पीएफ कापून न भरणारे आहेत. सोडून गेलेल्या मुलाची डेट ऑफ एक्झिटसुद्धा भरत नाहीत, मग तो पीएफ काढायला जातो तर क्लेम अडकतो आणि तो माझ्यासमोर बसून मोबाइल पुढे करतो, मॅडम हे रिजेक्ट का आलं बघा ना. शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी ही तारीख सभासदाला स्वतः टाकता येते, तेही बऱ्याच जणांना माहीत नसतं. अशा ठेकेदारांची नावं जरूर छापा, मोठ्या अक्षरात छापा.

फक्त दोन्ही नावं छापा. ऑक्टोबर 2023 मध्ये सरकारने सरकारी नोकऱ्यांतल्या कंत्राटी भरतीचा जीआर रद्द केला तेव्हा तुम्ही या विषयावर किती लिहिलंत, मी वाचलंय, चांगलंच होतं ते. पण महाळुंगे, खराबवाडी, कुरुळीला सकाळी कंपनीच्या बसची वाट बघत उभी असलेली ही पोरं तेव्हाही कंत्राटीच होती आणि आजही आहेत. त्यांच्याबद्दल लिहायचं म्हटलं की जाहिरात देणारी कंपनी "नामांकित" होते. मला नाही पटत हे.

आणि जाहिरातीवरून आठवलं, तेही सांगून टाकते. तुमच्या छोट्या जाहिरातींत रोज येतं, नामांकित कंपनीत पर्मनंट भरती, दहावी पास-नापास, राहणं-जेवण मोफत, खाली नुसता मोबाइल नंबर. ती पोरं त्या नंबरवर फोन करतात, रजिस्ट्रेशनचे, मेडिकलचे, युनिफॉर्मचे म्हणून पैसे भरतात आणि नंतर फोन बंद लागतो. मग ती जाहिरातीचं कात्रण घेऊन आमच्यासारख्या ऑफिसात येतात, पत्ता हाच का विचारत. गावाकडून उसने पैसे काढून आलेली असतात. ती जाहिरात घेताना तुमच्या काउंटरवर त्या माणसाचा पत्ता, लायसन्स काही बघतात का? बघत नसाल तर बघायला लागा, आणि बघत असाल तर पुढच्या वेळी असा मुलगा आला की मी त्याला कात्रणासकट तुमच्या ऑफिसला पाठवीन, त्याला तो पत्ता द्या.

माझं नाव-पत्ता सोबत दिलाय, तो छापू नये ही विनंती. उद्या सकाळी मला त्याच गेटवर व्हिजिटर पास काढायचाय.

— एक वाचक, चाकण