स्मरणपत्र चौथे : ४०४ च्या दारावरचा कॅमेरा

प्रति,
मा. अध्यक्ष, व्यवस्थापन समिती
(कार्यालयात समक्ष)

विषय : सदनिका क्र. ४०४ च्या दारावरील कॅमेऱ्याबाबत.

महोदय,

सप्रेम नमस्कार. माझी आधीची तीन पत्रं कार्यालयातल्या हिरव्या फायलीत आहेत. ती कुणी वाचलेली नाहीत, कारण दुसऱ्या पत्राची टाचणी मी लावली होती तशीच तिरकी आहे. असो. मी भांडखोर माणूस नाही. २०१९ चं एसीच्या पाण्याचं प्रकरण मी इथे काढणारही नाही. (कागद जपून ठेवले आहेत.)

गेल्या दिवाळीत ४०४ वाल्यांचं एक पार्सल हरवलं आणि त्यांनी दारावर कॅमेरावाली बेल बसवली. पार्सल दुसऱ्याच दिवशी ३०४ मध्ये सापडलं. कॅमेरा मात्र राहिला. आमच्या दोन दारांत अंतर सहा फूट. आमचं दार उघडलं की त्याला चपलांचं कपाट, दिवाण आणि दुपारी दिवाणावर आडवा झालेला मी, सगळं दिसतं. जवळून कुणी गेलं की त्याचा निळा दिवा लागतो. मार्चमध्ये आमची ही दारात उभी राहून बहिणीशी फोनवर बोलत होती. दुसऱ्या दिवशी ४०४ च्या वहिनींनी लिफ्टमध्ये विचारलं, "काय, नणंद येणार म्हणे महिनाभर?" म्हणजे त्याला नुसता डोळा नाही, कानही आहे. बेरीज आपणच करावी.

मे महिन्यात तर कहर झाला. पहाटे पावणेसहाला मी दुधाची पिशवी घ्यायला बनियन-लुंगीवर बाहेर आलो, जाता जाता कचऱ्याचा डबाही ठेवला. साडेआठला ती चित्रफीत सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर! खाली ओळ : "डबा सातनंतर ठेवायचा नियम सर्वांना सारखा असावा." अकरा जणांनी अंगठे दिले. त्यातला एक आपल्या खजिनदारांचा होता, हे मी नाइलाजाने नमूद करतो.

सचिवांकडे गेलो तर ते म्हणाले, "लपवण्यासारखं काही नसेल तर घाबरायचं कशाला?" मी म्हटलं, बरोबर आहे, मग सिंकिंग फंडाचा (इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी साठवलेल्या पैशांचा) तीन वर्षांचा हिशेब फलकावर लावा. सहकार कायद्याप्रमाणे तो बघायचा मला हक्कच आहे. त्यावर ते म्हणाले, विषयांतर नको.

आता कायद्याचं. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. तो हक्क प्रामुख्याने सरकारविरुद्ध आहे, शेजाऱ्याविरुद्ध नाही, असं आपले कायदेविषयक सल्लागार (म्हणजे सचिवांचे जावई) म्हणाले. बरं. मग कोलकात्याचं घ्या. एकाच घरात राहणाऱ्या दोन भावांच्या वादात, दुसऱ्याच्या संमतीवाचून राहत्या भागात कॅमेरे चालवता येणार नाहीत असं तिथल्या उच्च न्यायालयाने ठरवलं आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला. ते कॅमेरे घराच्या आत होते, असंही जावई म्हणतील. म्हणू द्यात. ४०४ चा कॅमेरा बाहेर असला तरी बघतो आतच.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात घरगुती वापराला सूट आहे, हेही मला ऐकवण्यात आलं. स्वतःच्या दारात कोण आलं हे बघणं घरगुती, मान्य. पण शहाण्णव माणसांच्या ग्रुपवर माझी लुंगी दाखवणं कोणत्या घरचं? शिवाय ही सूट व्यक्तीला आहे, संस्थेला नाही. गेटवरच्या ॲपमध्ये येणाऱ्या प्रत्येकाचं नाव, मोबाईल आणि फोटो आपण गोळा करतो, ते कधी पुसतो का? या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य तरतुदींना अठरा महिन्यांची मुदत आहे. "अजून वेळ आहे" हे समितीचं उत्तर मला पाण्याच्या टाकीच्या गळतीपासून परिचित आहे.

गेटचा विषय निघालाच आहे तर सांगतो. वॉचमनच्या केबिनमध्ये घरकामाच्या बायकांच्या आधारकार्डांच्या झेरॉक्स उघड्या फायलीत पडलेल्या असतात. नुसते शेवटचे चार आकडे दिसणारं मास्क्ड आधार का घेत नाही आपण? अशा झेरॉक्स कुणालाही देऊ नका असं आधारच्याच बेंगळुरू कार्यालयाने मे २०२२ मध्ये सांगितलं होतं. (ते पत्रक दोन दिवसांत मागे घेतलं गेलं, पण तो मुद्दा इथे गैरलागू आहे.) त्याच केबिनमध्ये डीव्हीआरवर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या यंत्रावर) चिकटपट्टीने कागद लावला आहे : ॲडमिन, १२३४५. माझा भाचा संगणकातला आहे. तो सांगतो, २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या व्हायरसने जगभरातले असेच कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले, तेही कंपनीने घातलेले साठेक ठरावीक पासवर्ड एकामागून एक लावून. पुढे त्याच यंत्रांच्या जोरावर अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स काही तास बंद पाडले. आपला डीव्हीआर त्यात होता का, हे त्यालाही सांगता येईना.

आणि जूनमध्ये एक हवालदार येऊन तोंडी काहीतरी म्हणाले, तर आपल्या सचिवांनी आठवडाभराचं चित्रण पेनड्राइव्हवर काढून दिलं. तपासाला मदत करावी, माझं काही म्हणणं नाही. पण पोलिसांना तशी लेखी मागणी करता येते, कायद्यात सोय आहे. कुठल्या गुन्ह्यासाठी, कुठल्या दिवसाचं, कोण घेऊन गेलं, याची एक ओळ तरी रजिस्टरमध्ये? लिफ्ट दुरुस्तीवाला चहा प्यायला तरी त्याचं व्हाउचर असतं.

या बाबतीत ३०३, ५०१ आणि तळमजल्यावरच्या काकूंचं मत माझ्यासारखंच आहे. सह्या मात्र मिळू शकल्या नाहीत. सहीसाठी माझ्या दारात यायचं म्हणजे त्याच कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं, तेव्हा त्यांची अडचण मी समजू शकतो.

हे सगळं ऐकीव नाही. दाराच्या भिंगातून बघून मी रोजची नोंदवही ठेवली आहे. उदाहरणार्थ, १४ जून, रात्री ११.२० : ४०४ कडे दोन पाहुणे, हातात मिठाईचा खोका, निळा दिवा दोनदा. १५ जून, सकाळी ७.०५ : पाहुणे परत, खोका नाही. वही समितीला केव्हाही पाहता येईल.

माझी मागणी फार नाही. कॅमेरा थोडा डावीकडे फिरवावा, म्हणजे त्यांचं दार आणि जिना दिसेल. आवाजाची नोंद बंद करावी. डीव्हीआरचा पासवर्ड बदलावा आणि नवा चिकटपट्टीने लावू नये. आणि मे महिन्यातल्या चित्रफितीबद्दल त्याच ग्रुपवर दिलगिरी, शक्यतो सकाळी साडेआठलाच. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास मला सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे जावं लागेल. जायची इच्छा नाही, गुडघे दुखतात.

आपला नम्र,
सभासद, सदनिका क्र. ४०३

ता. क. : हे पत्र घेऊन बाहेर पडलो तेव्हा निळा दिवा लागला. पाकीट मी कॅमेऱ्यासमोर नीट धरलं होतं. तेव्हा या वेळी कार्यालयाने पोच दिली नाही तरी चालेल, ४०४ कडे आहे.