प्रदर्शनातल्या पुस्तकवाल्या दादांना, मनापासून थँक्यू

दादा, नमस्कार.

तुम्ही फेसबुकवर फारसे नसता हे माहितीये, पण तुमच्या ओळखीतलं कोणीतरी हे वाचेल आणि तुम्हाला दाखवेल, म्हणून इथेच लिहिते. नाव लिहीत नाही, तुम्हाला साधा फोटो काढलेला पण चालत नाही. पण दादरला हॉलमध्ये पुस्तक प्रदर्शन लागतं तेव्हा शेवटच्या टेबलापाशी उभे असणारे आणि कोणी पुस्तक नुसतं उचललं तरी "ताई, पहिलंच पुस्तक आहे ह्यांचं, दोन पानं वाचून बघा, घेऊ नका हवं तर" असं म्हणणारे दादा म्हटलं की निम्म्या दादरला कळेल कोण ते.

आभार कशाचे ते नीट सांगते.

माझ्या बाबांचं परळला शिलाईचं दुकान होतं. गिऱ्हाईक सगळं गिरणीतलं. दिवाळीचा बोनस झाला की मशीन रात्री दोन-दोनपर्यंत चालायची, आई डबा घेऊन दुकानातच जायची. मग 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर, जिथे पगारच नाही तिथे नवे कपडे कोण शिवणार, आणि त्यातून जे गिऱ्हाईक उरलं ते पुढे हळूहळू रेडिमेडकडे गेलं. शेवटी शेवटी नुसतं अल्टरेशन. पँट आखूड करा, चेन बदला. दुकान बंद केल्यावर बाबा त्याबद्दल घरात कधी म्हणजे कधीच बोलले नाहीत आणि आम्ही पण विचारलं नाही.

तुम्हाला मी फक्त एवढंच म्हटलेलं की बाबांसाठी काहीतरी द्या, पेपर वाचून झाला की दिवसभर टीव्हीसमोर बसतात. कुठला लेखक आवडतो वगैरे तुम्ही विचारलंच नाहीत, तुम्ही विचारलंत ते आधी काय काम करायचे. मी सांगितलं आणि तुम्ही टेबलाखालचा गठ्ठा सोडून देविदास सौदागर यांची 'उसवण' काढून दिलीत. म्हणालात, हे तुळजापूरचे, स्वतः शिवणकाम केलेला माणूस, आणि कादंबरी पण एका टेलरचीच, रेडिमेडमुळे ज्याचा धंदा बसत जातो त्याची. 2024 चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार ह्या पुस्तकाला मिळालाय हे तुम्ही सगळ्यात शेवटी सांगितलंत, पैसे सुटे करता करता.

बाबांनी ते दुपारी हातात घेतलं आणि जेवायला बोलावलं तरी उठेनात. आणि नंतर जे बोलायला लागले ना दादा! कारागीर एकेक करून एक्स्पोर्टच्या कंपनीत कसे गेले, मोठी मशीन कोणाला विकली, मापाची वही अजून ट्रंकेत आहे आणि त्यातली अर्धी माणसं आता नाहीत, हे सगळं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. आई पण ऐकत बसली. मधेच बाबा म्हणाले, "ह्या पोराला माझं कसं काय कळलं?" तुळजापूर इथून चारशे किलोमीटरच्या वर, तो लेखक वयाने माझ्याही बरोबरीचा नसेल, आणि परळच्या माणसाला वाटतं की हे आपलंच लिहिलंय. मला वाटतं लेखकाला याच्यापेक्षा मोठा पुरस्कार नसतो, आणि तो त्यांच्यापर्यंत पोचावा म्हणून पण हे लिहितेय.

त्यानंतर मी मुद्दाम तुमच्या टेबलावरचीच पुस्तकं घ्यायला लागले. कृष्णात खोत यांची 'रिंगाण' तुमच्याकडून घेतली, धरणात गाव गेलं, माणसं उठली आणि जनावरं मागे राहिली त्याची गोष्ट, आमच्या शेजारच्या काकू शाहूवाडीकडच्या, त्यांनी दोनदा वाचली आणि भाषा अगदी आमच्याकडची म्हणून मोठ्याने वाचून दाखवत होत्या. त्या पुस्तकाला 2023 चा साहित्य अकादमी पुरस्कार. त्याच्या आधी 2022 ला सावंतवाडीचे प्रवीण बांदेकर, त्याच्या आधी 2021 ला कोल्हापूरचे किरण गुरव. हे तुम्हीच दाखवून दिलंत की मराठीतलं एवढं ताकदीचं लिखाण आता मुंबई-पुण्याच्या बाहेरून येतंय, लिहिणारे नोकरी-धंदा, शेती, शाळा सांभाळून लिहितायत, आणि आपण इथे मुंबईत बसून मराठीत नवीन काही येत नाही म्हणून रडतो. येतंय हो! भरपूर येतंय, फक्त आपल्या हाताला लागत नाही.

आणि ते का लागत नाही तेही तुमच्यामुळे कळलं. नवीन लेखकाची आवृत्ती पाचशेची, फार तर हजाराची. वितरकाला कमिशन हवं, दुकानात जागा जुन्या खपणाऱ्या नावांना, पेपरात परीक्षणाला जागा उरलेली नाही. अकादमीचा पुरस्कार पण लगेच मिळत नाही, ज्या वर्षाचा पुरस्कार त्याच्या आदलं वर्ष सोडून त्याआधीच्या पाच वर्षांतली पुस्तकं धरतात, म्हणजे 2023 साठी 2017 ते 2021 ची. म्हणजे पुस्तक आल्यावर कमीत कमी एक-दोन वर्षं त्याला कोणीतरी जगवायला लागतं, कोणीतरी उभं राहून "हे वाचा" म्हणायला लागतं, आणि ते काम तुमच्यासारखी माणसं करतात, दिवसभर पायावर उभं राहून, हॉलचं भाडं भरून, न खपलेले गठ्ठे परत टेम्पोत चढवून.

3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात दर्जा जाहीर झाला, आम्ही सगळ्यांनी स्टेटस ठेवले. तुम्ही त्यानंतरच्या प्रदर्शनात पुढचं अख्खं टेबल पहिलं पुस्तक आलेल्या लेखकांना दिलंत, आणि क्लासिक मागे सरकवले. त्यावरून कोणीतरी तुमच्याशी वाद पण घातला होता, मी तिथेच होते. दादा, तुमचं बरोबर होतं. जुनी मोठी नावं लोक शोधत मागपर्यंत येतातच, नव्यांना कोणी शोधत येत नाही.

बाबांनी निरोप दिलाय की तुमच्या शर्टाचं माप घ्यायचंय, मशीन नाही पण हात आहेत, शेजारून मशीन आणतो म्हणाले. नाही म्हणू नका, फार वर्षांनी त्यांनी स्वतःहून काही शिवायचं काढलंय.

आणि एक काम. 'उसवण'च्या अजून तीन प्रती बाजूला ठेवाल का? बाबांच्या जुन्या कारागिरांना द्यायच्या आहेत, एक जण भांडुपला असतात, दोघं गावी. शिवाय नांदेडकडच्या त्या नवीन कवयित्रीचा संग्रह आला असेल तर तोही ठेवा, मागच्या वेळी तुम्ही चार ओळी म्हणून दाखवल्या होत्या तेव्हापासून डोक्यात आहे. शनिवारी ऑफिस सुटल्यावर येते. डिस्काउंट देऊ नका, ह्या वेळी पूर्ण किमतीला घेणार आहे.

तुमची,
परळची ताई