दाराची खालची कड कोणी बघतं का?

मा. संपादक,

बाहेरच्या लाकडी दारांबद्दल लिहितोय, कारण एका छोट्या कामापायी चांगली चांगली दारं सडताना बघून खरंच वाईट वाटतं. पॉलिश करताना सगळे पुढची मागची बाजू चकचकीत करतात पण वरची आणि खालची कड कोरीच राहते, दिसत नाही ना म्हणून. आणि पाणी नेमकं तिथूनच शिरतं. झाड उभं असताना ज्या बारीक नळ्यांतून पाणी वर चढायचं त्यांची कापलेली तोंडं दाराच्या उभ्या पट्ट्यांना खाली उघडी असतात, मग उडालेलं पावसाचं पाणी ती शोषूनच घेणार. लाकूड लांबीत जवळजवळ फुगत नाही, फुगतं ते रुंदीत, म्हणून दार चौकटीला घासायला लागतं.

आमच्याकडे हेच झालं. पावसात दार अडकलं, सुताराकडून रंधा मारून घेतला, दार सुटलं आणि आम्ही खूश, पण रंधा मारलेल्या जागेला परत पॉलिशचा हात मारायचं कोणालाच सुचलं नाही, त्यामुळे पुढच्या पावसात ती अजून प्यायली, परत रंधा, आणि मग हवा कोरडी झाल्यावर लाकूड आकसलं तर करंगळी जाईल एवढी फट! ओल्या दाराला रंधा मारूच नका हो, आधी पूर्ण वाळू द्या.

उन्हाचं वेगळंच. घरातल्या फर्निचरचं साधं वॉर्निश बाहेर टिकत नाही, अतिनील (यूव्ही) किरण त्यातून आरपार जाऊन वरचं लाकूडच खराब करतात आणि मग वॉर्निशला धरायला काही उरत नाही, पापुद्रे सुटतात. बाहेरच्या वापराचं, यूव्ही संरक्षणवालं वॉर्निश घ्या नाहीतर सरळ प्रायमर मारून ऑइल पेंट लावा, रंग ऊन जास्त अडवतो.

दार बिजागऱ्यांतून काढून सहाही बाजूंना हात मारायला सांगा. कुलपाचं भोक आणि बिजागरीची खाच पण धरून. कडांना एक हात जास्तच. जवसाचं तेल वापरलं तर त्यात भिजलेले कापडाचे बोळे गोळा करून ठेवू नका, आपोआप तापून पेट घेतात, पसरून वाळवा.

आणि तुमच्या दाराची खालची कड रंगवलीय का हे बघायला दार काढायची पण गरज नाही. दार उघडून खाली छोटा आरसा सरकवा, लगेच दिसेल.

एक वाचक