सुहासला, स्टेडियमच्या मतदानाआधी

प्रिय सुहास,

तुझं पत्र मिळालं. सहा पानांतली पाच स्टेडियमवर, आणि गुडघा, मुलं, घर सगळं मिळून एका पानात कोंबलेलं. म्हणजे तब्येत ठीक आहे म्हणायची. तिकडे अमेरिकेत तुमच्या काउंटीत (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखंच) विक्रीकराच्या पैशातून अमेरिकन फुटबॉलच्या संघासाठी नवं स्टेडियम बांधायचं की नाही यावर मतदान आहे, तू 'हो'वाल्यांत आहेस, आणि मी यावर इतके दिवस गप्प का, असा तुझा सवाल. भांडण नको म्हणून गप्प होतो. आता विचारलंसच तर ऐक.

गेल्या खेपेला तू मला जुनं स्टेडियम दाखवायला नेलं होतंस, आठवतं? मंगळवार होता. नजर पोचेल तिथवर पार्किंगचं डांबर, पांढऱ्या पट्ट्या, खांबांवर अक्षरं नि आकडे, आणि त्या सगळ्या पसाऱ्यात एकच गाडी. एक बाप पोरीला गाडी शिकवत होता. हजारो जागा मोकळ्या असताना ती बिचारी एकाच जागेत गाडी नीट बसवायला पुन्हापुन्हा मागेपुढे करत होती. तू म्हणालास, "रविवारी ये, मग बघ!" रविवारी काय होतं ते मलाही ठाऊक आहे रे, तुझ्याशेजारी बसून घसा मीच बसवून घेतला होता. पण नियमित हंगामात असे दिवस येतात 8, फार तर 9. बेसबॉलच्या संघाचे घरच्या मैदानावर निदान 81 सामने तरी होतात.

म्हणून तुझा तो 'रोजगार वाढेल, हॉटेलं चालतील' वाला मुद्दा मला पटत नाही. माणसाचा खिसा एकच असतो. सामन्याला उडवलेला पैसा एरवी सिनेमाला, जेवणाला, पोरांच्या हौसेला गेलाच असता, आणि तोही त्याच गावात. 2017 मध्ये शिकागो विद्यापीठाने नामवंत अर्थतज्ज्ञांना यावर विचारलं, तेव्हा 83 टक्के म्हणाले की अशा अनुदानात करदात्याला फायद्यापेक्षा खर्चच जास्त पडायचा. अर्थतज्ज्ञांचं एरवी कशावर जमतं?

लास व्हेगासचं उदाहरण तू दिलंस. तिथे हॉटेलच्या खोल्यांवरच्या करातून 75 कोटी डॉलर काढले, म्हणजे पाहुण्याच्या काठीने साप मारला. पण ते लास व्हेगास आहे. तुमच्याकडे पाहुणे म्हणजे मी.

सिॲटलचं किंगडोम तू विसरलास. ते 1976 मध्ये उघडलं आणि 26 मार्च 2000 रोजी सुरुंग लावून पाडलं. त्याची चित्रफीत मी परवा पुन्हा पाहिली. काँक्रीटच्या त्या अवाढव्य घुमटाच्या फासळ्यांवरून ठिणग्यांची रांग धावते, क्षणभर काहीच होत नाही, आणि मग सगळं छत आत बसतं. 17 सेकंदांत कारभार आटोपला. मागे उरतो धुळीचा लोट. त्याचं कर्ज मात्र काउंटी 2015 पर्यंत फेडत होती. जमीनदोस्त इमारतीचे हप्ते पंधरा वर्षं! माँट्रियलमध्ये तर महापौर द्रापो म्हणाले होते की पुरुषाला मूल होईल तेव्हाच ऑलिंपिकला तूट येईल. 1976 च्या त्या स्टेडियमचं कर्ज 2006 मध्ये फिटलं, तेही बरंचसं तंबाखूवरच्या खास करातून. तीस वर्षं सिगारेटी ओढून लोकांनी स्टेडियम फेडलं, आणि तिथला बेसबॉल संघ त्याआधीच शहर सोडून गेलेला.

पण सुहास, रक्कम मोठी आहे म्हणून मी हटून बसलेलो नाही. माझा आक्षेप आहे तो जोखीम कोणाच्या गळ्यात पडते याला. सेंट लुइसने 1995 मध्ये लोकांच्या पैशातून बंदिस्त स्टेडियम बांधून रॅम्स हा फुटबॉल संघ लॉस एंजेलिसहून आणला. करारात एक कलम होतं: ठराविक वर्षांनी हे स्टेडियम लीगमधल्या वरच्या पाव भागात बसलं पाहिजे, नाहीतर संघ मोकळा. बाकीची शहरं नवी नवी स्टेडियमं बांधत असताना आपलं कायम वरच्या पावात ठेवायचं म्हणजे ओतत राहायचं. नाही ओतलं. 2016 मध्ये संघ परत लॉस एंजेलिसला. पुढे कोर्टकज्जे होऊन 2021 मध्ये 79 कोटी डॉलरवर तडजोड झाली हे खरं, पण सगळ्यांनाच काही असे वकील आणि अशी केस मिळत नाही. सही करताना ते कलम कोणी वाचलं नसेल असं मला वाटत नाही. वाचलं असणार, आणि 'तेव्हाचं तेव्हा बघू' म्हटलं असणार.

तुझ्यासारख्या हिशेबी माणसाला आवडेल अशी आणखी एक गंमत. 1986 मध्ये अमेरिकन काँग्रेसने ठरवलं की खासगी धंद्यासाठीच्या स्टेडियमला करमुक्त रोखे नकोत. नियम असा केला की कर्जफेडीचा 10 टक्क्यांहून जास्त भाग स्टेडियमच्या कमाईतून होत असेल तर व्याजावरची करमाफी गेली. मग शहरांनी काय केलं? संघाचा वाटा 10 टक्क्यांच्या आत ठेवला आणि उरलेलं सगळं सामान्य करांवर टाकलं. चोराला आळा घालायला गेले आणि त्याच्या हातात किल्ल्या आल्या.

नकार दिला तर काय होतं, तेही सांगतो, नाहीतर तू म्हणशील एकच बाजू मांडतो. मिसुरी राज्यातल्या कॅन्सस सिटीच्या चीफ्स संघाने फेब्रुवारी 2024 मध्ये सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला, आणि 2 एप्रिलला तिथल्या जॅक्सन काउंटीच्या मतदारांनी स्टेडियमसाठीचा विक्रीकर चाळीस वर्षं चालू ठेवायला नकार दिला, साधारण 58 टक्क्यांनी. विजेता संघ, ताजा करंडक, तरी नाही. जूनमध्येच शेजारच्या कॅन्सस राज्याने कायदा केला: आमच्याकडे या, 70 टक्क्यांपर्यंत खर्च रोख्यांतून करू. लीगमध्ये संघ मोजके, ते हवे असलेली गावं जास्त. नाक दाबणारा नेहमी हजर असतो. तुझी भीती खोटी नाही.

तुझ्या पाच पानांतली एकच ओळ मला खरी वाटली, आणि ती तू कंसात लिहिलीस: (संघ गेला तर रविवारी मी काय करू?) अरे, हाच मुद्दा प्रचारात मांड ना! हौस आहे म्हण, आणि हौसेला आम्ही इतके इतके पैसे मोजतो म्हण. गावाने बाग केली तर तिचा नफा कोणी विचारत नाही. पण बागेचा मालक गावच असतो. इथे संघाची किंमत वाढली तर ती मालकाची, बांधकामाचा खर्च वाढला तर तो तुमचा. ग्रीन बेमध्ये संघ कोणा एका मालकाचा नाही, सामान्य भागधारकांचा आहे, म्हणून तिथे कर लावला तेव्हा मला काही वाटलं नाही. आता लीगचे नियम दुसरा ग्रीन बे होऊ देत नाहीत.

आणि हंगामी तिकिटासाठी आधी 'तिकीट विकत घेण्याचा हक्क' विकत घ्यावा लागणार का, हे विचारलंस का कोणाला? बऱ्याच नव्या स्टेडियमांत लागतो. तुझ्या नेहमीच्या जागेचं काय होणार ते बघ.

तर मी तुला 'नाही'ला मत दे असं सांगत नाही. कराराचा मसुदा जाहीर झाला असेल तर मला पाठव. सगळा नको, वाढीव खर्च कोणी सोसायचा, करार किती वर्षांचा आणि मधेच सोडला तर दंड किती, ही पानं पुरेत. मी पेन्सिल घेऊन बसतो, तसंही दुपारी मला काम नसतं. मतदानाआधी पोचतील असं बघ, आणि गुडघ्याचं पुढच्या पत्रात नीट लिही. वहिनींना नमस्कार.

तुझा,
नंदू