लॅबच्या मामांना, रुमालातल्या चाव्यांबद्दल

मामा,

सबमिशन होऊन तीन आठवडे झाले. मार्क लागले, ज्यांच्या पाया पडायचं त्यांच्या पडून झालं, पेढे वाटून झाले. तरी एका माणसाचं राहिलंय हे काही डोक्यातून जात नाही. म्हणून हे पत्र, आणि तेही उघड. समोर येऊन बोलायला लागले तर तुम्ही "बरं बरं, निघ आता, कुलूप लावायचंय" म्हणून मला बाहेर काढाल, हे मला पक्कं माहीत आहे.

माझा डिझाइनचा प्रोजेक्ट तुम्हाला तोंडपाठ आहे, पण बाकीच्यांसाठी सांगते. माझी आजी भाऊच्या धक्क्यावरून मासळी उचलते आणि हार्बरच्या मालडब्यातून चेंबूरला नेऊन विकते. डोक्यावर पाटी, पाटीखाली चुंबळ. चुंबळ म्हणजे जुन्या लुगड्याची गोल गुंडाळी, बस. बर्फ वितळतो, पाणी चुंबळीत मुरतं, तिथून मानेवर येतं आणि डॉकयार्ड रोडचा जिना चढेपर्यंत पाठीत उतरतं. एकदा ती पाटी आम्ही काट्यावर ठेवली, २३ किलो भरली. आजीचं वय ६४. मी त्या चुंबळीचंच नवं रूप केलं. ठक्कर बाप्पा कॉलनीतून चपलांचा फोम आणला, त्यावर सुती कापड शिवलं आणि कडेला एक छोटी पन्हळ काढली, म्हणजे पाणी मानेऐवजी बाजूला पडतं. वस्तू बरी झाली. आजी रोज वापरते, मला शिव्या घालत का होईना.

पण आमच्याकडे वस्तू करून भागत नाही, ती सांगावी लागते. वेबसाइट, दीड मिनिटाचा व्हिडिओ आणि ज्युरीसमोर तीन मिनिटांचं पिच. माझी गाडी अडली ती इथे.

आमचे गाइड सर दर वर्षी पहिल्याच तासाला लोट्याची स्लाइड दाखवतात. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर जोडप्याने १९५८ साली भारत सरकारसाठी एक अहवाल लिहिला, त्यात आपल्या साध्या लोट्याचं कौतुक आहे. भरलेला असताना त्याचा तोल कसा, रिकामा असताना कसा, ओतताना कसा. सर हे फार रंगून सांगतात, डोळे मिटून. आणि मी आजीच्या डोक्यावर पाटी भरलेली असताना आणि रिकामी असताना मान किती वाकते याचे फोटो घेऊन गेले, तेव्हा त्यांना मीटिंग होती. पुढच्या आठवड्यातही होती. तिसऱ्या खेपेला मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाले, "मच्छी जरा कमी दाखव, व्हिज्युअली क्लीन ठेव." कोळणीच्या प्रोजेक्टमध्ये मच्छी कमी!

मग मी एक एडिटर गाठला. चार हजार रुपये आगाऊ दिले. त्याने आजीला स्लो मोशनमध्ये चालवलं, मागे बासरी लावली आणि त्यावर इंग्रजी बोलणारा एक जाडजूड पुरुषी आवाज टाकला, विम्याच्या जाहिरातीत असतो तसा. आजीने व्हिडिओ पाहिला आणि विचारलं, "कोण मेलं?" त्याला दुरुस्त्या पाठवल्या. निळ्या टिक्स आल्या, उत्तर आजतागायत आलेलं नाही.

तोवर मेचा तिसरा आठवडा उजाडला. १ जूनला मासेमारी बंद होते ती थेट ३१ जुलैपर्यंत. म्हणजे धक्क्यावरचं जे काही पुन्हा शूट करायचं ते त्या आठ-दहा दिवसांत. ते मी केलं, फोनवरच केलं, त्याबद्दल तक्रार नाही. प्रश्न आवाजाचा होता. व्हिडिओत मी स्वतः बोलायचं ठरवलं, मराठीतून, खाली इंग्रजी सबटायटल देऊन. पण घरी बोलायला जागा नाही. एका खोलीत पाच माणसं, वर शेजारच्यांचा मिक्सर. म्हणून लॅब.

त्या मंगळवारी सहा वाजता तुम्ही चाव्या वाजवत आलात तेव्हा मी टेबलाखाली, डोक्यावर ओढणी घेऊन, फोन तोंडाशी धरून बसले होते. तुम्हाला वाटलं रडतेय. (थोडी रडतही होते.) तुम्ही वाकून विचारलंत, "काय गं, काय हरवलं?" मी म्हटलं, "काही नाही मामा, पंख्याचा आवाज येतो रेकॉर्डिंगमध्ये."

तुम्ही काहीच बोलला नाहीत. बोर्डाकडे गेलात. खट, खट, खट, खट. चारही पंखे. शेवटचा पंखा थांबायला वेळ लागतो, तो पूर्ण थांबेपर्यंत तुम्ही वर बघत उभे राहिलात. मग रस्त्याकडच्या खिडक्या लावल्यात. मला वाटलं आता तुम्ही बाहेर जाऊन बसाल, कारण मेमध्ये त्या खोलीत पंख्याशिवाय कोण थांबेल? तुम्ही दाराजवळच्या स्टुलावर बसलात. स्टूल करकरलं. तुम्ही उठलात आणि फरशीवर बसलात.

मग खिशातून रुमाल काढलात. घाम पुसायला असेल असं वाटलं मला. तुम्ही तो मांडीवर पसरलात, चाव्यांचा जुडगा त्याच्या मधोमध ठेवलात आणि चारी टोकं आत घेऊन, पुरचुंडी बांधतात तशी घट्ट गाठ मारलीत. हलवून पाहिलंत, वाजत नाही ना. मग मला हाताने खूण केलीत, कर सुरू.

मामा, मला हे विसरता येत नाही. पुढचा पाऊण तास तुमच्या कपाळावरून घाम नाकावर येत होता आणि पुसायला रुमाल नव्हता, कारण रुमालात चाव्या होत्या.

खिडकीखालून लोकल जाते हे तर मी विसरलेच होते. तुम्हाला गाडी माझ्या आधी ऐकू यायची. तुमचा हात वर गेला की मी थांबायचे, आणि खरंच दोन-तीन सेकंदांत खालून धडधड सुरू व्हायची. एकदा तुम्ही हात खाली घ्यायलाच तयार नव्हतात. मी भुवया उडवल्या, तर ओठांनीच म्हणालात, "मागून फास्ट आहे." होतीच. दीड मिनिटाच्या आवाजासाठी पाऊण तास लागला तो असा, दोन गाड्यांच्या मधल्या फटीत एकेक वाक्य बसवत.

पिचचं काय सांगू! दुसऱ्या दिवशी तुम्हीच म्हणालात, मला म्हणून दाखव. मी सातशे शब्द लिहून आणले होते आणि ते पाच मिनिटांच्या वर जात होते. तुम्ही मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलंत आणि ऐकायला बसलात. दुसऱ्याच मिनिटाला "यूजर पर्सोना" आलं आणि तुम्ही पेंगलात. मी चिडले नाही, खोटं कशाला बोलू, थोडी चिडले. मग तो अख्खा परिच्छेद काढला. दुसऱ्या वेळी तुम्ही "स्टेकहोल्डर मॅपिंग"ला जांभई दिलीत, तेही गेलं. पाणी पाठीत उतरतं या वाक्याला तुम्ही दर वेळी खांदे आखडून घ्यायचात, म्हणून ते उचलून सगळ्यात आधी ठेवलं. शेवटी पावणेचारशे शब्द उरले आणि तीन मिनिटांत बसले. आमच्याकडे याला यूजर टेस्टिंग म्हणतात, त्याचे वेगळे मार्क असतात.

आणि वेबसाइट प्रोजेक्टरवर लावली तेव्हा मागच्या बाकावरून ओरडलात, "पांढऱ्यावर पांढरं काय लिहिलंयस?" पांढरं नव्हतं हो ते, फिकट करडं होतं, सीनियरने दिलेल्या टेम्प्लेटमधलं, फार तरल वगैरे दिसायचं. अक्षर आणि पार्श्वभूमी यांत निदान ४.५ ला १ एवढा फरक हवा असा वेबचा नियम आहे. मी परीक्षेत लिहिलाय तो. माझ्याच पानावर मोजला तर निम्मासुद्धा नव्हता. त्या टेम्प्लेटच्या फॉन्टमध्ये देवनागरीच नव्हती, त्यामुळे मराठी मजकूर परका, चिकटवल्यासारखा दिसायचा. मग आपल्या मुंबईतल्याच 'एक टाइप' नावाच्या फॉन्टवाल्यांनी केलेला 'मुक्ता' हा फॉन्ट घेतला, फुकट मिळतो, आणि "किनाऱ्यावर"मधला तो अर्धा र पहिल्यांदा नीट उभा राहिला. फोटो सात-सात एमबीचे होते, ते दोनशे केबीवर आणले. हे सगळं एका रात्रीत, तुमच्या एका ओरड्यावर.

दर पावसाळ्यात पाणी भरलं की टीव्हीवर मुंबईच्या स्पिरिटचा जो रतीब सुरू होतो, त्याचा मला मनापासून कंटाळा आहे. तुमच्या त्या संध्याकाळी काही बुडालं नव्हतं, कुठे कॅमेरा नव्हता, साधा मंगळवार होता, आणि तुमची ड्युटी सहाला संपली होती. मुलुंडपर्यंत उभ्याने जायचं होतं तुम्हाला. एखाद्याचं काम चाललंय, तर आपण आवाज करू नये, एवढंच तुमच्या मनात असेल बहुतेक. माझ्या आजीचं असंच आहे, वाटेकऱ्याला आधी देऊन मग स्वतःची पाटी उचलते, आणि का विचारलं तर अंगावर येते. अशा माणसांना आभार मानलेले आवडत नाहीत. मग आमच्यासारख्यांनी करायचं काय?

आता खरी गोष्ट, जी लिहायला हात जड होतोय.

ज्युरीच्या दिवशी व्हिडिओ संपला आणि एका बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "आवाज फार स्वच्छ आहे, कुठल्या स्टुडिओत केला?" मी म्हटलं, "कॉलेजमध्येच." सगळे कौतुकाने हसले. सरांनी अशी मान डोलावली की जणू माइक त्यांनीच धरला होता. त्या वेळी तुमचं नाव घ्यायला एक सेकंद पुरला असता. तुम्ही दारातच उभे होतात, हातात हजेरीचं रजिस्टर घेऊन. मी घेतलं नाही. घाबरले होते, पुढची स्लाइड डोक्यात होती, ही सगळी कारणं मी मला देऊन झाली आहेत.

व्हिडिओच्या शेवटी नावांची पाटी येते, तिच्यावर गाइड सर आहेत, एचओडी आहेत. तो बासरीवाला एडिटरसुद्धा आहे, उरलेले पैसे मागायला येईल या भीतीने. तुम्ही नाही.

रात्री घरी जाऊन ते दुरुस्त करायला बसले आणि कळलं, मला तुमचं नावच माहीत नाही. माझ्या वेबसाइटच्या पहिल्या पानावर मी मोठ्या ऐटीत लिहिलंय की भाऊचा धक्का अख्ख्या मुंबईला माहीत, पण भाऊ कोण हे विचारलं तर माणसं गप्प होतात, त्यांचं नाव लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य. ज्युरीला ते वाक्य फार आवडलं. आणि चार वर्षं ज्यांच्या हातून लॅबची चावी घेतली त्यांना मी "मामा"च्या पुढे ओळखत नाही. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये विचारलं, लायब्ररीत विचारलं, दोघांनीही "मामाच म्हणतो आम्ही" एवढंच सांगितलं. ऑफिसात पगारपत्रकावर असणारच. पण तिथून काढून लिहिणं बरं वाटेना.

तर वेबसाइटच्या शेवटी आता "ध्वनी" असं लिहिलंय आणि पुढची जागा मोकळी ठेवलीय. व्हिडिओतली नावांची पाटीही नवीन केलीय, तिथेही तेवढंच बाकी आहे. तुमचं पूर्ण नाव हवंय, वडिलांच्या नावासकट, तुम्ही रजिस्टरात सही करता तसं.

सोमवारी येते, सहाच्या आधी. आजीने तुमच्यासाठी सुके बोंबील दिलेत. डबा घट्ट बांधून आणते, लॅबमध्ये वास येणार नाही. माळकरी असाल तर आधीच सांगा, हेही मी कधी विचारलेलं नाही.

तुमची,
टेबलाखालची