धमनीत हवा मानणारे अडाणी नव्हते

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या आरोग्य पुरवणीतील रक्तदाबावरचा लेख रुग्णांना सहज समजेल असा होता. मात्र ‘प्राचीन ग्रीक लोक अडाणीपणाने धमन्यांत हवा असते असे मानत’ हे त्यातले वाक्य खटकले. आयुष्यभर शरीररचनाशास्त्र शिकवले असल्याने त्यावर लिहिल्यावाचून राहवत नाही.

धमनीसाठीचा इंग्रजी ‘आर्टरी’ हा शब्द ग्रीक ‘आर्टेरिया’वरून आला. ग्रीक हा शब्द श्वासनलिकेलाही लावत. पुढे घोटाळा टाळायला श्वासनलिकेला ‘खडबडीत आर्टेरिया’ म्हणू लागले. कंठमण्याच्या खाली बोट फिरवले की कूर्चेच्या कड्या हाताला लागतात, तोच तो खडबडीतपणा. कालांतराने नाम रक्तवाहिनीकडे गेले आणि ‘खडबडीत’ या अर्थाचे विशेषण, म्हणजे ‘ट्रॅकिआ’, श्वासनलिकेकडे राहिले.

आता हवेचे. इ.स.पू. चौथ्या शतकात ग्रीसमधल्या कॉस बेटावरच्या प्राक्सागोरस या वैद्याने धमन्या आणि शिरा वेगळ्या मानल्या आणि नाडीचे ठोके धमन्यांचेच असतात हे सांगितले. धमन्यांतून ‘न्यूमा’ म्हणजे शरीराला चैतन्य देणारी हवा वाहते, असेही त्याचे मत होते. याला कारण डोळ्यांना दिसणारे होते. मृत्यूनंतर धमनीची जाड, लवचिक भिंत आकसते आणि आतले रक्त शिरांकडे ढकलले जाते. विच्छेदनात धमनी आडवी कापली की तिचे तोंड गोल, उघडे राहते आणि आत फारसे काही सापडत नाही. शेजारची शीर मात्र चपटी पडलेली असते आणि तिच्यात काळसर गुठळ्या असतात. प्रेत पाहून निष्कर्ष काढणाऱ्याला पहिली वाहिनी हवेची वाटली, तर त्याला अडाणी कसे म्हणायचे?

जिवंत प्राण्याची धमनी कापली की रक्त उसळते, हेही त्यांना ठाऊक होते. एरासिस्ट्राटस या ग्रीक वैद्याने त्याचा खुलासा केला तो असा : जखमेतून न्यूमा निसटतो, पोकळी होते आणि ती भरायला शिरांतले रक्त अतिसूक्ष्म जोडमार्गांतून धमनीत धावते. खुलासा चुकीचा होता. पण धमन्या आणि शिरा यांना जोडणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या वाटा त्याने केवळ तर्काने मानल्या. त्या केशवाहिन्या १६६१ मध्ये मार्चेल्लो माल्पिगी याने बेडकाच्या फुफ्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. रक्त त्यांतून उलट दिशेने, धमनीकडून शिरेकडे जाते, एवढाच फरक. माझ्या मते शरीरशास्त्राच्या इतिहासात इतकी सुंदर चूक क्वचितच झाली असेल.

हवेची कल्पना खोडली तीही प्रयोगानेच. इ.स.च्या दुसऱ्या शतकात गॅलेन या वैद्याने जिवंत प्राण्याची धमनी दोन ठिकाणी दोऱ्याने बांधली आणि मधला भाग उघडला. आत रक्तच होते, आणि बांधलेल्या तुकड्यात ते शिरांतून धावत येण्याचा प्रश्नच नव्हता. रक्त शरीरात फिरून पुन्हा हृदयाकडे येते, हे मात्र विल्यम हार्वेने १६२८ मध्ये मांडले.

आपला ‘धमनी’ शब्दही ‘धम्’ म्हणजे फुंकणे या धातूवरून आला आहे. ‘ध्मानात् धमन्यः’ असे चरकसंहितेत आहे. त्यामुळे ग्रीकांना हसताना आपल्या शब्दाकडेही एकदा पाहावे.

वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षाची मुले शेकडो नावे घोकतात, आणि त्यांतल्या एकाचीही कहाणी त्यांना कुणी सांगत नाही. आपल्या पुरवणीत अशा नावांसाठी महिन्यातून एखादा स्तंभ द्यावा, ही विनंती. सुरुवात हेरोफिलसपासून करता येईल. अलेक्झांड्रियात मानवी देहाचे विच्छेदन करणारा हा वैद्य रुग्णाची नाडी जलघटिकेवर मोजत असे, अशी नोंद आहे. आणि लहान आतड्याच्या पहिल्या भागाला आपण ‘ड्युओडेनम’ म्हणतो, तेही त्याने दिलेल्या ‘बारा बोटे’ या ग्रीक नावाचे लॅटिन रूप.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका, सातारा